सध्या १० के टाकून ठेव

आमच्या ऑफिसात प्रत्येक रेझिस्टर जन्मतः १० के असतो. पुढे ज्याचे त्याचे नशीब. कोणी ३३० ओहमचा होऊन एलईडीपुढे उभा राहतो, कोणी ४.७ केचा होऊन मायक्रोकंट्रोलरची पिन वर ओढून धरतो, कोणी शून्य ओहमचा होतो, म्हणजे काहीच करत नाही आणि त्याचे पैसे घेतो. पण स्किमॅटिकच्या पहिल्या दिवशी सगळे समान. त्या दिवशी साहेब चहाचा कप घेऊन खुर्चीमागे उभे असतात, आणि "साहेब, इथे व्हॅल्यू किती?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "सध्या १० के टाकून ठेव. नंतर बघू."

हा न्याय फक्त रेझिस्टरला नाही. कपॅसिटर दिसला की १०० नॅनो. डायोड दिसला की १एन४१४८. ट्रान्झिस्टर दिसला की बीसी५४७. कनेक्टर असेल तर 'दोन पिनांचा कुठलाही'. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तो मुख्य आयसीच अजून ठरला नसेल, तर एक मोठा आयत काढायचा, त्याला दोन्ही बाजूंनी पिना फोडायच्या आणि पोटात 'एमसीयू' लिहायचे. हा एमसीयू कुठला, किती पिनांचा, कोणत्या कंपनीचा, असले प्रश्न त्या वेळी विचारणारा माणूस प्रोजेक्टला खीळ घालणारा समजला जातो.

या तात्पुरत्या घटकांना आमच्यात डमी म्हणतात. डमी म्हणजे एसटी फलाटाला लागताना खिडकीतून आत टाकलेला रुमाल. रुमाल तिकीट काढत नाही, पण जागा धरून ठेवतो. फरक इतकाच, की एसटीत रुमालाचा मालक पिशव्या सांभाळत दोन मिनिटांत येऊन बसतो. आमच्याकडे मालक येतच नाही आणि रुमालच स्वारगेटहून कोल्हापूरला पोचतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. स्किमॅटिक म्हणजे सर्किटचा नकाशा. त्यात प्रत्येक घटकासाठी एक सिंबॉल असतो. सिंबॉलला आर१, सी५ असे नाव असते, १० के अशी व्हॅल्यू असते, आणि प्रत्यक्ष बोर्डावर त्याचे पाय कुठे टेकणार हे सांगणारा फूटप्रिंट असतो. हे सगळे काढायला सॉफ्टवेअर लागते. मोठ्या कंपन्यांत ऑरकॅड असते, ऑल्टियम असते. आमची भोसरीची कंपनी बॅटरी चार्जर बनवते आणि किकॅड वापरते, कारण त्याच्या वार्षिक परवान्याचा खर्च साहेबांच्या मनासारखा आहे. तो शून्य आहे.

हे किकॅड फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या एका तंत्रसंस्थेत शिकवणाऱ्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये लिहायला घेतले. २०१३ पासून सर्ननेही त्याला हातभार लावला. सर्न म्हणजे विश्वाचे कोडे सोडवण्यासाठी जमिनीखाली २७ किलोमीटरच्या बोगद्यात कण पळवणारी संस्था. तिथल्या माणसांनी राबून सुधारलेले सॉफ्टवेअर भोसरीच्या चार्जरसाठी फुकट मिळते हे कळल्यावर साहेबांना गहिवरून आले. नव्या मुलाने त्यांना किकॅडच्या साइटवरचे देणगीचे बटणही दाखवले. ते मात्र नंतर बघायचे ठरले.

तर डमी. सुरुवातीला त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह असते. आर?, सी?, यू?. त्या फाइलीच्या आयुष्यातला तेवढाच प्रामाणिक काळ. मग कोणीतरी ॲनोटेटचे बटण दाबतो आणि प्रश्नचिन्हांच्या जागी आकडे येतात. किकॅडच्या नव्या आवृत्त्या तर तेवढीही वाट पाहत नाहीत, सिंबॉल ठेवताक्षणी नंबर देऊन मोकळ्या होतात. एकदा नंबर मिळाला की डमी कायम झाला. त्याला 'तू कोण, कुठला' असे पुन्हा कोणी विचारत नाही. महिन्याभराने तोच भाग कॉपी होऊन दुसऱ्या शीटवर जातो आणि एका डमीचे चार होतात. मग नवा इंजिनिअर कामाला लागतो. तो आर१७ समोर १० के बघतो आणि मनात म्हणतो, काहीतरी हिशेब केला असणार. इथून पुढे त्या १० केला शास्त्राचा दर्जा मिळतो. एखाद्या रिव्ह्यूत कोणी "इथे १० केच का?" असे विचारले, तर तोच इंजिनिअर फळ्यापाशी जाऊन, दोन समीकरणे मांडून, १० केच कसा बरोबर आहे हे सिद्ध करून दाखवतो. मी समोर बसलो होतो. सिद्धता बिनचूक होती. साहेबांना तर आपण इतका विचार केला होता हे प्रथमच कळले.

मग तो दिवस उजाडतो. बोर्ड बनवणाऱ्याकडे उद्या सकाळी गर्बर फाइली जायच्या असतात. संध्याकाळी साहेब केबिनमधून डोके बाहेर काढून विचारतात, "अरे, ते डमी बदलले ना सगळे?" या प्रश्नातला 'ना' फार जड असतो. डमी एकेक करून शिरायला तीन महिने लागलेले असतात, आणि ते घाऊक बाहेर काढायला एक संध्याकाळ मिळते. या कामाचे आमच्याकडे चार पंथ आहेत.

पहिला पंथ लेआउटवाल्या मॅडमचा. त्या हाताने बदलतात. सिंबॉलवर माऊस न्यायचा, 'व्ही' दाबायचे, व्हॅल्यू टाइप करायची, एंटर. मग 'एफ' दाबायचे, फूटप्रिंट निवडायचा, एंटर. पुढचा. ही पद्धत हळू आहे अशी सगळ्यांची तक्रार असते. तिच्यात दुसराही एक दोष आहे. प्रत्येक रेझिस्टरपाशी थांबावे लागत असल्यामुळे मॅडम तिथे विचार करतात, आणि विचार केला की मान न वळवता विचारतात, "हा इथे आहे कशाला?" हा प्रश्न ऑफिसात कोणालाही आवडत नाही. एकदा तर असे चार रेझिस्टर निघाले, की ते काढून टाकले असते तरी सर्किटला पत्ता लागला नसता. ते कोणी टाकले याचा बराच शोध झाला. शेवटी साहेब म्हणाले, "जाऊ दे, आता शोधून काय उपयोग." तेव्हा ते कोणी टाकले हे सगळ्यांना कळले.

दुसरा पंथ नव्या मुलाचा. किकॅडच्या एडिट मेनूत 'चेंज सिंबॉल्स' नावाची एक खिडकी आहे. ती आधी विचारते, कोणते बदलू? निवडलेले, की अमुक नावाचे, की अमुक व्हॅल्यूचे, की अमुक लायब्ररीतले? मग विचारते, कशाने बदलू? आणि मग चौकटींची एक रांग दाखवून विचारते, बदलताना कोणकोणती माहिती लायब्ररीतल्याप्रमाणे नव्याने भरू? व्हॅल्यू? फूटप्रिंट? डेटाशीट? इतके खोदून विचारणारे दुसरे कोणी आमच्या ऑफिसात नाही, मॅडम सोडल्या तर. पण नव्या पिढीचा चौकटींवर विश्वास आहे. दिसली की टिक.

मुलाने सगळ्यांवर टिक केली आणि बटण दाबले. पडदा क्षणभर लुकलुकला आणि झाडून सगळ्या रेझिस्टरांची व्हॅल्यू 'आर' झाली. लायब्ररीतल्या कोऱ्या रेझिस्टरची व्हॅल्यू तीच असते, आणि खिडकीला सांगितले होते की लायब्ररीतल्याप्रमाणे भर. तिने भरली. ३३० गेले, ४.७ के गेले, मॅडमनी दुपारभर बसून घातलेले सगळे गेले. आर१ किती? आर. आर२ किती? आर. मुलगा थोडा मागे सरकून पडद्याकडे बघत म्हणाला, "पण युनिफॉर्म दिसतंय एकदम."

कंट्रोल झेड नावाची सोय ज्याने काढली त्याचे भले होवो. सगळे परत आले. मग मुलाने टिका काढून दुसरा प्रयत्न केला. या खेपेला शीटवर जागा वाचावी म्हणून साध्या रेझिस्टरच्या जागी 'आर स्मॉल' घेतला. आता साध्या रेझिस्टरच्या दोन टोकांतले अंतर ७.६२ मिलिमीटर, स्मॉलचे ५.०८. म्हणजे दोन्ही बाजूंना १.२७ मिलिमीटरची फट. वायरी होत्या तिथेच थांबल्या आणि रेझिस्टर मधल्या मधे आकसले. लांबून पाहिले तर नकाशा पूर्वीपेक्षा सुबक. झूम केले की प्रत्येक पिनेच्या टोकाला एक बारीकसे वर्तुळ, समोर वायरीचे मोकळे टोक, आणि मध्ये बोट ठेवले तर झाकले जाईल एवढे अंतर. त्या अंतरातून करंट जात नाही. इलेक्ट्रिकल रूल चेक लावला तेव्हा चुकांची यादी इतकी लांबली, की मुलाने ती वाचण्याऐवजी तिचा फाँट लहान करता येतो का ते शोधले.

तिसरा पंथ आमच्या सीनियरांचा. त्यांचा असल्या खिडक्यांवर विश्वास नाही. किकॅडची स्किमॅटिक फाइल साध्या मजकुराची असते. सहाव्या आवृत्तीपासून तर कंसात कंस, त्यात आणखी कंस. ती नोटपॅडमध्ये उघडते हे सीनियरांना कळले आणि त्यांचे तारुण्य परत आले. "फाइंड, रिप्लेस ऑल. एवढ्यासाठी माऊस कशाला हलवायचा?" १ केचे सगळे रेझिस्टर २.२ केचे करायचे होते. शोधा, १के. बदला, २.२के. रिप्लेस ऑल. कॉम्प्युटरने शब्दशः आज्ञा पाळली. ११केच्या शेपटाला १के सापडला, तोही बदलला, आणि त्याचा १२.२ के झाला. ५१ केचा ५२.२ के झाला. ९१ केचा ९२.२ के.

आता रेझिस्टरच्या व्हॅल्यू कोणी मनाला येईल तशा ठरवत नाही. त्यांच्या आंतरराष्ट्रीय मालिका आहेत, आयईसी ६००६३ या मानकात नेमून दिलेल्या. बाराची मालिका तर इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ असते: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. तिच्यापुढे २४ची, ४८ची, ९६ची, १९२ची. सीनियरांचे तिन्ही आकडे यांतल्या एकाही मालिकेत नाहीत. त्यांना ते दाखवले तेव्हा ते जराही विचलित झाले नाहीत. म्हणाले, "प्रिसिजन आहेत. करून घेऊ."

चौथा पंथ पायथनवाल्याचा. तो अर्ध्या तासाचे काम वाचवण्यासाठी आठवडाभर स्क्रिप्ट लिहितो. स्क्रिप्ट मात्र देखणी होती. कंस नीट वाचत होती, ११केच्या शेपटाला हात लावत नव्हती, आधी बॅकअप घेत होती, शेवटी रंगीत अहवाल छापत होती. तिला फक्त एक एक्सेल लागत होती. पहिल्या रकान्यात डमी, दुसऱ्या रकान्यात त्याच्या जागी काय बसवायचे ते. प्रात्यक्षिकाला सगळे जमले, साहेबांनी लाडू मागवले. स्क्रिप्ट धावली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटले, सर्व घटक यशस्वीपणे बदलले. टाळ्या पडल्या. मॅडमनी ती एक्सेल उघडून पाहिली. दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत एकसारखा होता.

"हे काय रे?"

"व्हॅल्यू कोणी दिल्याच नाहीत ना मॅडम. टेस्टिंगसाठी सध्या १० के टाकलंय."

चारही पंथांचे आपसांत पटत नाही, पण एका गोष्टीवर मॅडम सोडून बाकी सगळ्यांचे एकमत आहे: काम म्हणजे बदलणे. प्रत्यक्षात बदलणे हे काम नव्हतेच कधी. डमी टाकला त्या दिवशी आपण टायपिंग पुढे ढकलले नव्हते, ठरवणे पुढे ढकलले होते. टायपिंग घाऊक करता येते. सॉफ्टवेअर ते डोळ्याचे पाते लवायच्या आत करते. ठरवणे मात्र अजून किरकोळीतच करावे लागते, एका वेळी एक.

कारण डमी सगळे सारखे दिसतात, पण त्यांनी धरलेल्या जागा सारख्या नसतात. रीसेट पिनेवरचा १० के हा स्वभावाने सुखी माणूस आहे. त्याच्या जागी ४.७ के आला काय आणि २२ के आला काय, रीसेटला फरक पडत नाही. रेग्युलेटरच्या फीडबॅकमधला १० के असा नाही. आउटपुटचे व्होल्टेज तोच ठरवतो; तिथे ५ टक्के टॉलरन्सचा स्वस्त माल बसवला तर व्होल्टेजही तितकेच स्वस्त मिळते. तिसरा १० के असतो पोटेन्शिओमीटर. त्याला तीन पाय असतात. 'व्हॅल्यू १० के असलेले सगळे बदल' असे खिडकीला सांगितले की ती त्याचाही दोन पायांचा रेझिस्टर करते, आणि मधल्या पायाची वायर कुठेच न जाता शीटवर लोंबत राहते.

आणि चौथा १० के म्हणजे थर्मिस्टर. बॅटरीचे तापमान मोजायला आमच्या चार्जरमध्ये जो थर्मिस्टर असतो तो २५ अंश सेल्सिअसला बरोबर १० के असतो. तापला की कमी होतो, गार पडला की वाढतो. त्याच्या सिंबॉलवर व्हॅल्यू लिहितात ती अर्थातच १० के. नव्या मुलाच्या घाऊक बदलात त्याचाही नंबर लागला. नाव टीएच१ तसेच राहिले, अंगावर मात्र रेझिस्टरचा सिंबॉल आणि पायाशी रेझिस्टरचाच फूटप्रिंट आला. रूल चेकला त्यात काही वावगे दिसले नाही. दोन पाय होते, दोन्ही जोडलेले होते. कोणाची तक्रार नव्हती. बोर्ड बनून आले.

मे महिना होता. टेस्टिंगच्या खोलीतला एसी बिघडलेला होता. सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते आणि चार्जरच्या डिस्प्लेवर बॅटरीचे तापमान दिसत होते २५.० अंश. साहेब प्रसन्न झाले. "बघा, रीडिंग कसं स्टेबल आहे. मागच्या मॉडेलला किती नाचायचं!" टेस्टिंगच्या मुलाने सोल्डरिंग आयर्न जवळ नेले. २५.०. मग त्याने कँटीनमधून बर्फाचा खडा आणला. २५.०. साहेब म्हणाले, "हा आकडा ब्रोशरमध्ये घ्या." शेवटी मॅडम आल्या, त्यांनी बोर्ड उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "थर्मिस्टर कुठाय?" त्याच्या जागी एक गुणी रेझिस्टर बसला होता. एक टक्का टॉलरन्सचा.

फूटप्रिंटच्या घाऊक बदलाची तऱ्हा आणखी वेगळी. रेझिस्टरच्या आकाराला चार आकड्यांचे नाव असते. त्यातला ०६०३ हा आमच्याकडचा सर्वांत लाडका. तो इंची पद्धतीचा ०६०३, म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर, चिमट्याने धरता येतो, चष्मा लावून सोल्डरही करता येतो. पण मेट्रिक पद्धतीतही एक ०६०३ आहे. तो ०.६ बाय ०.३ मिलिमीटर. दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देण्याचे हे काम जगातल्या हुशार माणसांनी मिळून केले आहे. यादीतून फूटप्रिंट निवडताना एक ओळ खाली घसरले की शेकडो रेझिस्टर एका क्षणात त्या आकाराचे होतात, आणि पडद्यावर काहीच भयंकर दिसत नाही, कारण पडद्यावर झूम असतो. खरी ओळख रीळ उघडल्यावर होते. ओळखीच्या एका कारखान्यात अशी रीळ उघडली तेव्हा असेंब्लीच्या ताईंनी आधी पंखा बंद करायला लावला, मग सगळ्यांना शिंकायची बंदी केली, आणि मग म्हणाल्या, "साहेब, हे पार्ट आहेत की पार्टांवरची धूळ?"

पायांचा गोंधळ त्याहून जुना. ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर सगळ्यांना ठाऊक: पहिल्या पायात इनपुट, मधला ग्राउंड, तिसऱ्यातून आउटपुट. त्याचा धाकटा भाऊ ७८एल०५ करंट कमी देतो आणि ट्रान्झिस्टरएवढ्या काळ्या डब्यात येतो. ग्राउंड त्याचाही मधेच. पण पहिल्या पायाला आउटपुट आणि तिसऱ्याला इनपुट. आता सिंबॉल तोच ठेवून नुसती व्हॅल्यूतली अक्षरे बदलली आणि फूटप्रिंट छोटा केला, तर नकाशात नाव धाकट्याचे आणि पाय थोरल्याचे. व्हॅल्यू हा नुसता मजकूर आहे. तिथे 'श्रीखंड' लिहिले तरी किकॅड हरकत घेत नाही. ट्रान्झिस्टरचेही तेच. बीसी५४७चे पाय सपाट बाजू समोर धरली की कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४चे बरोब्बर उलटे. तीन पाय सहा प्रकारे मांडता येतात, आणि किकॅडच्या जुन्या लायब्ररीत एनपीएन ट्रान्झिस्टरचे ते सहाही प्रकार हौसेने ठेवलेले होते. कोणता घ्यायचा, हे ज्याने त्याने डेटाशीट वाचून ठरवायचे. म्हणजे पुन्हा ठरवणे आलेच.

२०२१ मध्ये तर उलटी गंमत झाली. कोरोनाच्या साथीत जगभर चिपा मिळेनाशा झाल्या. ज्यांची नावे आम्ही खरोखरच विचार करून, डेटाशीट वाचून, मीटिंगा घेऊन पक्की केली होती, त्याच आयसींपुढे विक्रेत्यांच्या साइटवर लीड टाइम ५२ आठवडे दिसू लागला. मग खऱ्यांचेच डमी झाले. मिळेल तो आयसी आणायचा आणि त्याच्याभोवती सर्किट पुन्हा काढायचे. त्या काळात आमच्याकडे एकच सर्किट असे होते ज्याला कसलीही झळ लागली नाही. पोटात 'एमसीयू' लिहिलेला तो आयत. साहेब अभिमानाने म्हणाले, "म्हणून मी सांगत होतो, घाईने ठरवू नका."

या सगळ्यातून अखेर एक शहाणपण निघाले, आणि ते मॅडमनी मीटिंगमध्ये मांडले. डमी टाकायला हरकत नाही. पण डमी हा डमी दिसला पाहिजे. १० के ही थाप आहे. ती खऱ्यासारखी दिसते, म्हणून कोणी पकडत नाही. त्यापेक्षा व्हॅल्यूच्या जागी सरळ 'टीबीडी' लिहा, म्हणजे ठरायचे आहे. मग शोधले की लगेच सापडेल, कोणी समीकरण मांडून ते सिद्ध करणार नाही, आणि कुठल्याच १० केशी त्याची गल्लत होणार नाही. सगळ्यांना पटले. सीनियरांनाही पटले, कारण टीबीडीच्या शेपटाला दुसरे काही सापडत नाही. साहेबांनी तसा फतवा काढला. त्या दिवसापासून आमच्या फाइली आरशासारख्या स्वच्छ झाल्या. जे ठरले ते ठरलेले, जे ठरायचे ते टीबीडी.

पुढच्या बोर्डाच्या वेळी सगळे टीबीडी शोधून भरले. एक राहिला. सी१४. व्हॅल्यू टीबीडी, नग १. बीओएम, म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी, छापून परचेसकडे गेला.

परचेसचे काका शिस्तीचे. बीओएममध्ये जे लिहिले आहे ते आणायचे, आणि तीन कोटेशनांशिवाय काही आणायचे नाही, हे त्यांचे ब्रीद. त्यांनी टीबीडीसाठी रीतसर चौकशी पाठवली. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने विचारले, टीबीडी साधा की हेवी ड्यूटी? काकांनी साधा कळवले. दुसरी चौकशी मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेली. त्या रस्त्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे लिहिले आहे, म्हणजे घाऊक बदलात तिथेही फक्त व्हॅल्यूचा मजकूर बदलला, जोडण्या जुन्याच राहिल्या. तिथून उत्तर आले, ओरिजिनल टीबीडी बंद झाला, चायनाचा मिळेल, किमान ऑर्डर हजार नग. तिसरा विक्रेता आपल्या सचोटीबद्दल प्रसिद्ध होता. त्याने कळवले की टीबीडी आपल्याकडे नाही, पण टीबीसी शिल्लक आहे, आणि तो त्याच जागी बसतो.

काकांनी तिन्ही कोटेशनांचा तक्ता केला, सर्वांत कमी दरावर पिवळे मार्कर फिरवले आणि कागद साहेबांपुढे सहीला ठेवला. टीबीडी, चायना मेक, हजार नग, दर १ रुपया ८० पैसे. डेटाशीट मागवली आहे, ती मालाबरोबर येईल. जीएसटी वेगळा.